सेटरचा सत्कार

मी व्हॉलीबॉल खेळतो. खेळायचो नव्हे, खेळतो. पंचेचाळिशी ओलांडली आहे, डावा गुडघा कुरकुरतो, उजव्या हाताची करंगळी एकदा मोडली ती वाकडीच बसली. दुबईत जबल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे आणि संघात सेटर आहे. यातली दुसरी ओळख मला जास्त जवळची.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पलीकडून आलेला चेंडू पहिला गडी वर उडवतो, दुसरा हात सेटरचा, तिसरा मारणाऱ्याचा. टाळ्या मारणाऱ्याला पडतात. पण चेंडू कुणाला द्यायचा, नेटजवळ द्यायचा की लांब, पुढे की पाठीमागे, हे सगळं सेटर ठरवतो. दिवसभर मला कुणी काही ठरवू देत नाही. कंटेनर कधी येणार ते पोर्ट ठरवतं, हाताखाली किती माणसं मिळणार ते ऑफिस ठरवतं, सुट्टी कधी ते एचआर ठरवतं. संध्याकाळी तासभर मात्र मी ठरवतो आणि पाच माणसं माझं ऐकून उड्या मारतात. एवढ्या तासाभराच्या जोरावर मी इतकी वर्षं इथं काढली, असं बायकोला सांगितलं तर ती रागावेल. म्हणून सांगत नाही.

आमच्या कंपनीची चांगली टीम होती. मग नवा मॅनेजर आला आणि त्याला आम्ही राहतो त्या कॅम्पच्या मागचं मैदान दिसलं. त्यानं तिथं कंपनीच्या बसगाड्या लावायचं ठरवलं. एका दुपारी आम्ही ड्यूटीवर असताना नेटचे खांब कापून नेले. संध्याकाळी बूट घालून गेलो तर बस उभ्या.

"खलास," कॅम्प बॉस म्हणाला. "अभी उधर जिम बनाएगा, इन्शाल्ला."

जिम अजून व्हायचं आहे. पण टीम मोडली ती मोडलीच. पोरांना दुसऱ्या टीमवाल्यांनी आठवड्याभरात उचललं. आमच्यातला उंच पोरगा तर दोन टीमनी मागितला, त्यावरून भांडणं झाली. माझ्यावरून भांडण झालं नाही, चर्चा झाली. मेसमध्ये, बसमध्ये, वेअरहाऊसच्या चहाला, ज्याला त्याला माझ्या भवितव्याची काळजी. अण्णांनी आता इकडे जावं, अण्णांनी आता तिकडे जावं, अण्णांनी आता खेळू नये, अंपायर व्हावं. अण्णा म्हणजे मी. मला कुणी विचारलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या अकाउंट्समध्ये पुण्याचे एक साहेब आहेत. माणूस भला. त्यांनी एका रविवारी घरी जेवायला बोलावलं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड, सगळं साग्रसंगीत. जेवताना म्हणाले, "अण्णा, तुमची केस अगदी सेम आहे बघा. अमेरिकेत एक फुटबॉल खेळतात, हाताने. त्यात क्वार्टरबॅक म्हणून एक जण असतो. तोच सगळं डिसाइड करतो, बॉल कुणाकडे फेकायचा वगैरे. आमचे चिरंजीव बघत असतात. आता तिकडे एक जुना क्वार्टरबॅक आहे, त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, फ्री एजंट झालाय. कुठल्या टीमनं त्याला घ्यावं यावर सगळं इंटरनेट भांडतंय."

"मग तो काय म्हणतो?" मी विचारलं.

"कोण?"

"तो खेळाडू."

साहेब पुरी हातात धरून थांबले. "ते नाही वाचलं बुवा."

त्यांचा मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, ही शुड जस्ट रिटायर. ही इज सो ओल्ड."

मी त्या खेळाडूचं वय विचारलं. मुलानं सांगितलं. तो माझ्यापेक्षा चांगलाच लहान निघाला. वहिनींनी घाईघाईनं माझ्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

साहेबांच्या मनात मला त्यांच्या मराठी कुटुंबांच्या मंडळात घ्यायचं होतं. फॅमिली डे असतो, लहान मुलं, बायका, सगळे खेळतात, नेट जरा खाली बांधतात. "आमच्याकडे या हो. काही टेन्शन नाही. कुणी जोरात मारत नाही." मी श्रीखंड संपवलं आणि विचार करून सांगतो म्हणालो. विचार बसमध्ये बसण्याआधीच झाला होता. जिथं कुणी जोरात मारत नाही तिथं सेटर काय करणार, मुलांची नाकं पुसणार?

शिवाय मला कुठं जायचं हे आधीच ठरलेलं होतं. आमच्या तालुक्याची टीम होती ना.

मुहैस्नाहला, म्हणजे आमची माणसं ज्याला सोनापूर म्हणतात तिथं, कॅम्पांमध्ये आमच्या तालुक्याची बरीच माणसं आहेत. त्यांचं मंडळ आहे. मंडळ गणपती बसवतं आणि टूर्नामेंट भरवतं, हे झालं बाहेरच्यांना दिसणारं. खरं मंडळ दिसतं ते कुणी आजारी पडला की. कुणाच्या घरी औषधं पोचवायची, कुणाचा पासपोर्ट अडकला, कुणाचा बाप गेला आणि तिकीट हवं, सगळं मंडळ बघतं. साइटवर कुणाचं बरंवाईट झालं तर त्याची पेटी विमानात चढेपर्यंत मंडळाची माणसं झोपत नाहीत. त्यामुळे इथं राहून मंडळाशी वाकडं घेणं म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. गाव करील ते राव काय करील, ही म्हण गावात नुसती ऐकली होती, इथं पटली.

त्या टीमची पोरं मी घडवली होती. वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी जबल अलीहून मेट्रो आणि बस बदलत जायचो आणि त्यांना शिकवायचो. मी कंपनीकडून खेळायचो आणि शिकवायचो तालुक्याला. त्यांचा आताचा कॅप्टन पहिल्यांदा आला तेव्हा त्याला चेंडू हातात कसा घ्यायचा तेही येत नव्हतं. मग माझी टीम मोडल्यावर मी त्यांच्यात जाणार, यात विचारायचं काय? मी तर नवे बूटही घेतले.

कॅप्टन मला भेटायला जबल अलीला आला. कॅन्टीनमध्ये बसलो. त्यानं माझ्यासाठी चहा आणला, स्वतः उभा राहिला, बस म्हटलं तेव्हा बसला. तेवढ्यावरूनच मी ओळखायला हवं होतं.

"अण्णा, टीमनं ठरवलंय. तुम्ही आता बाहेर बसून आम्हाला मार्गदर्शन करायचं."

"आणि सेट कोण करणार?"

"नवीन पोरगा आलाय, फास्ट आहे. तुम्ही त्याला तयार करा."

"दोघांची ट्रायल घे," मी म्हणालो. "तो चांगला असेल तर मी बाहेर बसतो. माझं काही म्हणणं नाही."

कॅप्टननं जीभ चावली. "तुमची कसली ट्रायल घ्यायची, अण्णा? तुम्ही आमचे गुरू."

आणि कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर वाकून माझ्या पाया पडला. मोठ्या माणसाला बाहेर ठेवायची ही आपली रीत. त्याला नाही म्हणायचं नाही, त्याच्या पाया पडायचं. पाया पडलेल्या पोराशी भांडता येत नाही. तो गेल्यावर मी गार झालेला चहा प्यायलो आणि मला इतका राग आला होता की दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्याला विनाकारण ताटकळत ठेवलं.

पण कळस व्हायचा होता. चार दिवसांनी गावाहून बायकोचा फोन.

"रिटायर झालात?"

"कोण म्हणालं?"

"गावच्या ग्रुपवर आलंय. तुमचा फोटो आहे. व्हिसावरचा दिसतोय, चोरासारखा."

मी ग्रुप उघडला. पोस्टरवर वरती गणपती, खाली मंडळाच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांचे हसरे चेहरे, मधोमध मी. 'ज्येष्ठ व्हॉलीबॉलपटू यांचा निवृत्तीनिमित्त भव्य सत्कार.' मंडळाच्या टूर्नामेंटमध्ये, सेमीफायनलच्या आधी. शाल, फेटा, स्मृतिचिन्ह. खाली शंभरेक जणांनी हात जोडलेले.

"मला कुणी सांगितलं नाही," बायको म्हणाली.

"मलाही नाही."

ती हसली. मग म्हणाली, "बरं झालं की. गुडघा दुखतो म्हणत होता ना?" मी गुडघा दुखत नाही असं खोटं सांगितलं आणि फोन ठेवला.

मला वाईट वाटलं ते पोस्टरचं नाही. सत्कार कुणाला नको असतो? मला वाईट वाटलं ते इतक्या माणसांत एकालाही मला आधी फोन करावासा वाटला नाही याचं. बारशाला बाळाला विचारत नाहीत आणि तेराव्याला मेलेल्याला. मला त्यांनी त्यातच धरलं.

त्याच आठवड्यात आमचा एक फोर्कलिफ्ट रास अल खोरच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला होता. तो आणायला मी गेलो. काम अर्धं राहिलं होतं, थांबा म्हणाले. तिथं एका बाजूला एक गॅरेज, दुसऱ्या बाजूला दुसरं, सगळीकडे उघडी इंजिनं आणि ऑइलचा वास. मागच्या बाजूनं चेंडूचा आवाज आला. चेंडू हातावर बसला की कसा आवाज येतो ते मला झोपेतही कळतं. मी मागे गेलो.

एका मोडक्या ट्रकला आणि दिव्याच्या खांबाला नेट बांधलं होतं. वाळू पाणी मारून दाबलेली. खेळणारे सगळे मेकॅनिक, अंगावर तेच काळे कपडे. काही पठाण, काही मल्याळी, एक नेपाळी. त्यांच्यातला म्होरक्या वर्कशॉपचा हेड मेकॅनिक होता, त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. दाढी पांढरी होत आलेली, खांदे दरवाजाएवढे. मारत होता जबरदस्त, पण त्याला चेंडू नीट मिळत नव्हता. त्यांचा सेटर सुट्टीवर पेशावरला गेला होता आणि त्याच्या जागी उभा असलेला पेंटर चेंडूला घाबरत होता.

थोड्या वेळानं एक चेंडू भरकटून माझ्याकडे आला. मी तो हातात धरून परत द्यायला हवा होता. मी धरला नाही. दोन पावलं पुढे गेलो आणि बोटांवरून सरळ उस्तादच्या समोर, नेटपासून वीतभर अंतरावर, उंच सोडला. त्यानं मारला. पलीकडच्या माणसानं हातही वर केला नाही.

उस्ताद माझ्याकडे बघून म्हणाला, "फिर से."

मी ऑफिसचे बूट काढले. फोर्कलिफ्ट तयार होऊन तासभर झाला तरी मी अनवाणी खेळत होतो. निघताना उस्तादनं माझं वय विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "संडे को खाली है?" एवढंच विचारलं. मी खाली आहे म्हणालो. अशी माझी निवड झाली. पोस्टर वगैरे काही निघालं नाही.

नंतर कळलं की या लोकांनी आमच्या मंडळाच्या टूर्नामेंटमध्ये आधीच नाव दिलेलं होतं. टूर्नामेंट सगळ्यांना खुली होती. मी उस्तादला सांगितलं, "वो मेरे गाँव के लोग हैं. शायद उनके सामने खेलना पड़ेगा."

"तो?"

"तो कुछ नहीं."

मंडळात बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. काहींना वाटलं मी गंमत करतोय. मंडळाच्या अध्यक्षांना, त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, तसं वाटलं नाही. त्यांनी फोन करून समजावलं, की आपलेच दात आपलेच ओठ, लोकांत शोभा होईल. मी म्हणालो, "भाऊ, मी आधी आपल्याकडेच आलो होतो." त्यावर ते म्हणाले, सत्काराला वेळेवर ये.

आम्ही पहिल्या दोन मॅच जिंकलो. तालुक्याची टीमही जिंकली. सेमीफायनल आमची आणि त्यांची पडली. घोडामैदान जवळच होतं म्हणा ना.

त्या रविवारी सोनापूरच्या मैदानावर दिवे लागले तेव्हा चहूबाजूंनी आमचीच माणसं होती. कुणी साइटवरून तसाच आलेला, कुणी आंघोळ करून पावडर लावून आलेला. भाऊंनी माइकवर माझं नाव पुकारलं. मी वर्कशॉपची जर्सी घालून स्टेजवर चढलो. जर्सीच्या पाठीवर टायरचं चित्र होतं. समोर हशा झाला, शिट्ट्या झाल्या.

फेटा तयार होता, टेबलावर शाल घडी करून ठेवली होती. भाऊ बोलत होते की तालुक्याच्या खेळाचा पाया अण्णांनी घातला, आणि आता अण्णा विश्रांती घेत आहेत. ते शाल उलगडायला लागले आणि माझं डोकं फिरलं. मी माइक हातात घेतला. भाषण मला येत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं.

"भाऊ, ही शाल मॅच झाल्यावर द्या," मी म्हणालो. "आम्ही हरलो तर शाल घेतो आणि खेळणं थांबवतो. जिंकलो तर तुम्ही ठेवून घ्या, पुढच्या वर्षी दुसरा कुणी बघा."

समोरून कुणीतरी ओरडलं, "यल्ला, अण्णा, यल्ला! होऊन जाऊ द्या!" आणि जो गोंधळ उडाला तो विचारू नका. भाऊंनी शाल परत घडी करून ठेवली. त्यांचं तोंड कडू झालं होतं. मी खाली उतरलो आणि मग मला कळलं की आपण काय बोलून बसलो. आता तो सामना सेमीफायनलचा राहिला नव्हता.

पहिला सेट आम्ही वाईट हरलो, आणि कारण मीच होतो.

सेटर नेटकडे तोंड करून उभा असतो. कुठला चेंडू देणार हे तो हात पाठीमागे धरून बोटांनी आपल्या गड्यांना दाखवतो. एक बोट म्हणजे नेटजवळ छोटा, दोन म्हणजे लांब, मूठ म्हणजे पाठीमागून. नेटच्या पलीकडून ते दिसत नाही. पण पाठीमागे जी माणसं बसलेली असतात त्यांना सगळं दिसतं, आणि माझ्या पाठीमागे तालुका बसला होता. या खुणा मीच त्यांना शिकवलेल्या. मी बोट दाखवलं की मागून आरोळी यायची, "छोटा रे, छोटा!" मूठ वळली की, "पाठीमागून येणार!" पलीकडे ब्लॉकला, म्हणजे नेटवर हात उंचावून अडवायला, माणसं आधीच तयार. उस्तादनं मारलेले चेंडू त्याच्याच छातीवर परत येत होते. आमच्या मेकॅनिकांना मराठी येत नव्हतं, त्यांना वाटत होतं लोक नुसते आरडाओरडा करतायत. मला एकट्याला कळत होतं की माझीच माणसं माझी बोटं वाचून दाखवतायत.

सेट संपला, बाजू बदलली, तर ही मंडळी खुर्च्या उचलून माझ्या मागे मागे दुसऱ्या टोकाला आली. एवढं प्रेम त्यांनी मला आयुष्यात कधी दाखवलं नव्हतं.

मी सगळ्यांना जवळ घेतलं आणि उस्तादला सांगितलं, "जो निशानी अभी दिखाऊँगा, वो इस बॉल की नहीं, अगले बॉल की है. पहला बॉल लंबा. समझे?" मल्याळ्यानं लगेच मान हलवली. नेपाळी हसला. उस्ताद दोनदा विचारून समजला.

दुसऱ्या सेटमध्ये मी बिनधास्त एक बोट दाखवलं. मागून सगळा तालुका ओरडला, "छोटा!" ब्लॉकची पोरं मधे धावली आणि मी चेंडू लांब सोडला. तिथं उस्ताद एकटा होता. पुढच्या वेळी मूठ दाखवली, सगळे पाठीमागे धावले, आणि चेंडू नेटजवळ. आरोळ्या चालूच. दहा-बारा गुण होईपर्यंत त्यांच्या लक्षातच येईना की ते आपल्याच पोरांना फसवतायत. एक म्हातारा सुतार तर माझ्यावरच चिडला, "अण्णा, खोटं दाखवू नका ओ!" तो सेट आम्ही घेतला. खेळताना मी किती वर्षांनी इतका हसलो.

तिसऱ्या सेटच्या आधी कॅप्टन त्याच्या माणसांकडे गेला आणि त्यानं सगळ्यांना गप्प बसवलं. पोरगा हुशार आहे, मीच शिकवलंय. मग खरा खेळ झाला. त्यांचा नवा सेटर खरंच फास्ट होता, हे मी इथं कबूल करतो. माझा गुडघा पेटला होता. पण माझी बोटं त्याच्यापेक्षा शहाणी होती, हेही मी इथं सांगतो, आणि ज्याला पटत नसेल त्यानं त्या दिवशीचा व्हिडिओ बघावा.

शेवटचा सेट पंधराचा. आम्ही तेरा, ते चौदा. त्यांना एक गुण हवा होता. सर्व्हिस आली, पेंटरनं ती कशीबशी उचलली, चेंडू नेटपासून लांब गेला. मी धावलो. मल्याळी मधे तयार होता, पण त्याच्यावर दोघं जण होते. उस्ताद कडेला एकटा होता. तो दमलाय हे मला माहीत होतं. मी त्याला दिला. उंच, बेताचा, त्याला हवा तसा. त्यानं जीव खाऊन मारला आणि चेंडू रेषेच्या हातभर बाहेर पडला.

हरलो.

तालुक्याची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. उस्ताद वाळूत बसला. "गलती मेरी," म्हणाला. मी म्हणालो, "बॉल मैंने दिया." तो चेंडू उद्या परत आला तर मी परत त्यालाच देईन. बरोबर दिला होता. बरोबर दिलेला चेंडूही बाहेर जातो, यात सेटरचं काही चुकत नाही.

मग मी स्वतःच स्टेजवर गेलो. भाऊंनी शाल घातली, फेटा बांधला. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, वर लोकरीची शाल. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. कॅप्टन पाया पडला. त्याचे डोळे भरले होते आणि माझेही भरले, खोटं कशाला बोलू? ही माणसं माझ्यावर प्रेम करतात. फक्त मी बसलेला असलो की जास्त करतात.

गॅरेजच्या पिकअपमध्ये परतताना उस्तादनं फेट्याकडे बोट दाखवलं. "ये क्या है?"

"रिटायर कर दिया मुझे."

उस्तादनं गिअर बदलला. "उन्होंने किया. हमने कहाँ किया?" म्हणाला. "संडे को पाँच बजे."

पुढच्या रविवारी मी रास अल खोरला होतो. शब्द दिला होता, चारचौघांत, माइकवर. बसमध्ये बसताना तो आठवत होता. उतरतानाही आठवत होता. तरी उतरलो.

तिथल्या कुणीतरी खेळाचा व्हिडिओ टाकला आणि तो फिरत फिरत मंडळाच्या ग्रुपवर पोचला. मंगळवारी दुपारी वेअरहाऊसमध्ये असताना भाऊंचा फोन आला. मी रॅकच्या मागे गेलो.

"सगळ्यांसमोर शब्द दिला होतास," भाऊ म्हणाले. "हरलो तर थांबतो म्हणालास."

"दिला होता."

"मग?"

"मग मोडला."

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. मी सबब सांगीन, गुडघ्याचा व्यायाम म्हणीन, टाइमपास म्हणीन, असं वाटलं असणार. "असं कसं बोलतोस?" म्हणाले. "माणसाच्या शब्दाला काही किंमत असते."

इतके दिवस पोटात ठेवलेलं तेव्हा बाहेर आलं. आवाज चढवला नाही मी.

"भाऊ, इथं यायला निघालो तेव्हा आईला शब्द दिला होता, दोन वर्षांत परत येतो. मोडला. ती गेली तेव्हा मी इथंच होतो. बायकोला म्हणालो होतो, मुलगी शाळेत जायच्या आत घरी येतो. ती आता कॉलेजात आहे. त्या मोडलेल्या शब्दांवर घर उभं राहिलं, भावाचं शिक्षण झालं, गावच्या देवळाला फरशी बसली. तेव्हा गावातल्या एकानंही फोन करून विचारलं नाही, की बाबा, शब्द का मोडलास? शाबासकी दिलीत सगळ्यांनी. आता जन्मात एक शब्द स्वतःसाठी मोडला, तर लगेच फोन आला."

भाऊ माझ्याही आधीपासून इथं आहेत. त्यांच्या मागे दुकानाचं शटर वाजल्याचा आवाज आला.

"ग्रुपवर लोक विचारतायत," ते शेवटी म्हणाले. आवाज उतरला होता. "काय लिहू?"

"लिहा, शब्द मोडला म्हणून," मी म्हणालो. "आणि रविवारी पाच वाजता मॅच आहे, तेही लिहा."